हळदीकुंकवात दिलेली डबी परत का येत नाही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंदूरच्या सुदामा नगरातल्या तुमच्या महिला मंडळाने यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पूर्वतपासणीसाठी शौचाच्या ६४ डब्या वाटल्या. पन्नाशीपुढच्या बायकांना एक स्वतःसाठी, एक यजमानांसाठी. आधी एका डॉक्टरांचं व्याख्यान झालं, स्लाइड दाखवल्या, टाळ्याही पडल्या. पण लॅबमध्ये पोचल्या १३ डब्या, त्यातल्या काही तर मार्चअखेर. दोन पॉझिटिव्ह निघाल्या, म्हणजे शौचात रक्ताचा अंश सापडला, त्यांचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवले, आणि दोघांनीही पुढे काही केलं नाही. आता तुम्ही विचारताय की पुढच्या वेळी लोकांना प्रोत्साहन कसं द्यायचं, पथनाट्य बसवायचं की भेटवस्तू ठेवायची.

मी इंदुरात २९ वर्षं पोटाच्या विकारांची डॉक्टर आहे. कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं, हे माझं रोजचं काम. अशी शिबिरं मीही घेतली आहेत, आणि पहिली दोन तुमच्यापेक्षा वाईट पडली. तेव्हा हे सगळं पडून शिकलेलं आहे.

बाकीचं सावकाश वाचा, पण त्या दोघांचं आधी बघा. तुम्ही लिहिता की काकांनी दुसऱ्या लॅबमध्ये तीच तपासणी पुन्हा करून घेतली, ती निगेटिव्ह आली आणि विषय मिटला. तो मिटलेला नाही. आतड्यातला कोंब, ज्याला आम्ही पॉलिप म्हणतो, रोज रक्त सांडत नाही. आज सांडेल, पुढचे चार दिवस गप्प बसेल. एकदा रक्त दिसलं की पुढची पायरी कोलोनोस्कोपीची. शौच पुन्हा तपासून पहिला निकाल पुसला जात नाही. दुसऱ्या मावशी म्हणतात, मूळव्याध आहे, त्याचंच असेल. असेलही. पण मूळव्याध असणाऱ्याला कॅन्सर होत नाही असा काही करार झालेला नाही. मूळव्याधीच्या नावाखाली वर्ष-दीड वर्ष काढून मग आलेली माणसं मी नेहमी बघते, आणि त्यांच्या फायलीत तीच तीन मलमं असतात.

त्या दोघांना घाबरवू मात्र नका. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना कॅन्सर निघत नाही. काहींना कोंब निघतो, तो त्याच बैठकीत काढता येतो. बऱ्याच जणांना काहीच निघत नाही. उद्याच पळत सुटायचीही गरज नाही. अमेरिकेत सुमारे ७० हजार पॉझिटिव्ह लोकांच्या नोंदी तपासून २०१७ साली एक अभ्यास आला. त्यात कोलोनोस्कोपी १० महिन्यांपलीकडे लांबली की कॅन्सर सापडण्याचं आणि तो पुढच्या टप्प्यावर सापडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. संक्रांतीला आता पाच महिने होत आले. म्हणजे वेळ आहे, पण दिवाळीपर्यंत ढकलण्याइतका नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्हाला वाटतंय की लोकांना महत्त्व पटलेलं नाही, ते पटवायला हवं. मला तसं वाटत नाही. बायका व्याख्यानाला बसल्या, डब्या हातात घेतल्या, पर्समध्ये घालून घरी नेल्या. पटलं नसतं तर हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी ठेवून आल्या असत्या. अडलं ते घरी गेल्यावर. तुमच्या ५१ डब्या कुठे आहेत हे मी इथे बसून सांगते. त्यातल्या निदान निम्म्या कपाटात आहेत, मागच्या वर्षीच्या वाणाच्या प्लॅस्टिकच्या वाट्यांशेजारी. वाण म्हणून मिळालेली वस्तू आपण वापरत नाही, जपून ठेवतो. त्यात कुणाचा दोष नाही, तशी सवयच आहे. डबी तिळगुळाबरोबर आली तेव्हाच तिचं वाण झालं.

माझं पहिलं शिबिर मे महिन्यात होतं. शाळांना सुट्ट्या होत्या म्हणून हॉल फुकट मिळाला, एवढाच विचार. पारा ४२ वर. डब्या गोळा करणारा मुलगा स्कूटरच्या डिकीत पिशवी टाकून राजेंद्र नगर, लोकमान्य नगर करत दुपारी तीनला लॅबमध्ये पोचायचा. सगळे निकाल निगेटिव्ह आले. मी खूश झाले, लोकांनी पेढे दिले. आठ-दहा दिवसांनी लॅबमधल्या एका जुन्या तंत्रज्ञाने सहज विचारलं, "मॅडम, डब्या उन्हात होत्या का?" ही तपासणी शौचातलं माणसाच्या रक्तातलं प्रथिन शोधते, आणि ते प्रथिन उष्णतेने खराब होऊन नाहीसं होतं. रक्त असलं तरी सापडत नाही. म्हणजे मी कितीजणांना खोटा दिलासा दिला ते मला आजही माहीत नाही. सगळ्यांना पुन्हा फोन केले, नोव्हेंबरात फुकट तपासणी दिली. अर्धेच आले. निगेटिव्ह आलेला माणूस कशाला येईल? मार्चअखेर आलेल्या तुमच्या डब्या किती दिवस घरात होत्या, कशा आल्या, ते लॅबला विचारून घ्या. शंका असेल तर त्यांना नवीन डबी द्या.

दुसऱ्या शिबिरातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. डिसेंबरातली सकाळ, पावणेआठ. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले. मफलर, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी श्रीखंडाचा रिकामा डबा काढला. डब्यात वर्तमानपत्राची घडी, घडीत दुधाची धुतलेली पिशवी, तिला रबरबँड, आणि आत ती बोटाएवढी बाटली. रिसेप्शनवरच्या मुलीने अगदी मदतीच्या सुरात, मोठ्याने विचारलं, "अंकल, स्टूल देना है?" मागच्या बाकावर त्यांच्याच कॉलनीतले दोघे बसले होते. काकांनी डबा पिशवीत परत टाकला, म्हणाले, "नाही नाही, डॉक्टरांची वेळ विचारायला आलो होतो," आणि निघून गेले. एवढी निगुतीने बांधलेली बाटली! काकांना सगळं पटलं होतं, सगळं जमलंही होतं. शेवटच्या दोन फुटांत गाडी अडकली.

त्या दिवसानंतर मी विचार उलटा करायला लागले. लोकांना पुढे कसं ढकलायचं हे सोडलं, आणि डबी हातात आल्यापासून लॅबच्या टेबलावर जाईपर्यंत माणूस कुठेकुठे अडकतो ते एकेक करून बघायला लागले.

पहिली अडचण संडासात. व्याख्यानात हे कुणी सांगत नाही, आणि खरं म्हणजे एवढंच सांगायला हवं. डबीबरोबरच्या कागदावर जी चित्रं असतात ती कमोडची असतात, तीही कोरड्या. आपल्याकडे सगळा कारभार पाण्याचा. भारतीय बैठकीत शौच पाण्यात जातं, कमोडमध्ये तर बुडतंच. पाण्यात पडलेला नमुना चालत नाही. मग सोपा उपाय असा, की आधी लघवी उरकून घ्यायची, मग वर्तमानपत्राची दुहेरी घडी किंवा कागदी पत्रावळ पॅनवर ठेवायची, म्हणजे शौच कागदावर येतं. बाटलीचं झाकण फिरवून काढलं की त्यालाच एक काडी असते, टोकाला खाचा असलेली. ती काडी शौचाच्या वरच्या भागावर चार-पाच ठिकाणी फिरवायची, खाचा भरल्या की पुरे. घास उचलल्यासारखा गोळा आत कोंबायचा नाही. जास्त घातलं तर निकाल बिघडतो. काडी बाटलीत घालून झाकण घट्ट, वर तारीख. कागदावरचं पॅनमध्ये सोडून पाणी ओतायचं, कागद गुंडाळून कचऱ्यात. गाडीवाल्याकडे वेगळा डबा असतोच, आणि इंदूरकरांना कचरा वेगळा करायला मी शिकवावं अशी वेळ देवाच्या दयेने राहिलेली नाही.

हे मी मंडळात प्रत्यक्ष करून दाखवते. शौच अर्थातच खरं नसतं, भिजवलेली कणीक घेते, त्यात थोडी कॉफी घालते. बायका आधी ई ई करतात, मग हसतात, मग प्रश्न विचारायला लागतात. एकदा हसल्या की अर्धं काम झालं. चाळीस मिनिटांच्या स्लाइडपेक्षा ही दहा मिनिटं जास्त उपयोगी पडतात, हा माझा अनुभव. आणि हो, पाळी चालू असेल किंवा मूळव्याधीतून डोळ्यांना दिसेल असं रक्त पडत असेल तर त्या दिवसांत नमुना घ्यायचा नाही. मूळव्याधवाल्यांसाठी मात्र यात एक पोटप्रश्न आहे, त्यावर पुढे येते.

दुसरी अडचण फ्रिजची. डबीच्या कागदावर लिहिलेलं असतं, लगेच देता येत नसेल तर थंड जागी ठेवा. आता मला सांगा, ज्या घरात देवघर आणि ओटा एका भिंतीला आहे, जिथे फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध वेगळ्या कप्प्यात असतं, तिथे ही बाटली कोण ठेवेल? सासूबाईंना कळलं तर फ्रिज धुवावा लागेल. मी तरी माझ्या घरी ठेवली नसती, आणि माझ्या सासूबाई फार कडक नव्हत्या. तेव्हा फ्रिजचा प्रश्नच येऊ द्यायचा नाही. ज्या सकाळी नमुना, त्याच सकाळी जमा. आम्ही सकाळी सात ते दहा अशी वेळ ठेवतो, पाच दिवस लागोपाठ, कारण ठरलेल्या दिवशी पोट साफ होईलच असं नाही. थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या, आणि अकराच्या आत पेटी लॅबमध्ये.

तिसरी अडचण श्रीखंडाच्या डब्यावाल्या काकांची. जमा करण्याच्या ठिकाणी कुणी काही विचारत नाही. बाटलीवर नाव नाही, क्रमांक. तोच क्रमांक वहीत, वही एका बाईच्या ताब्यात. दाराशी झाकणाची पेटी, त्यात पाकीट टाकायचं आणि चालायला लागायचं. पाकीट तपकिरी कागदाचं, औषधाच्या दुकानात मिळतं तसं. इतकं साधं आहे. हे केल्यावर पुरुषांच्या डब्या यायला लागल्या. तोवर बायकाच दोघांच्या आणायच्या, आणि बऱ्याचदा फक्त यजमानांचीच. स्वतःची राहून जायची. त्यामुळे आता आम्ही दोन बाटल्या एकाच पाकिटात देतो आणि सांगतो, पाकीट दोन्ही भरल्याशिवाय घेत नाही. जराशी दादागिरी आहे, पण बायकांना स्वतःसाठी काही करायला निमित्त लागतं, ते यातून मिळतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्या बारीक गोष्टींनी काय फरक पडतो. पडतो. इंग्लंडमध्ये जुन्या पद्धतीच्या तपासणीला तीन वेगवेगळ्या शौचांचे नमुने लागायचे. २०१४ साली तिथे काही लोकांना एकाच नमुन्याची नवी तपासणी देऊन पाहिली. भाग घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ५९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं. व्याख्यानं तीच, भीती तीच, फक्त संडासातलं काम तीनदाऐवजी एकदा. सॅन फ्रान्सिस्कोतला २०१२ चा एक अभ्यास मला त्याहून आवडतो. काही लोकांना डॉक्टरांनी फक्त कोलोनोस्कोपी सुचवली, तर ३८ टक्क्यांनी केली. काहींना फक्त शौचाची तपासणी सुचवली, तर ६७ टक्क्यांनी केली. काहींना दोन्ही सांगून निवड त्यांच्यावर सोडली, तर ६९ टक्क्यांनी दोन्हीपैकी एक केली. आमच्या धंद्यातले काही जण अजून सगळ्यांना थेट नळीच सांगतात. नळी जास्त पक्की आहे हे खरं, पण जी तपासणी होतच नाही तिच्या पक्केपणाचं काय करायचं?

लॅब ठरवताना एक गोष्ट विचारा. "स्टूल ऑकल्ट ब्लड" या एकाच नावाखाली दोन वेगळ्या तपासण्या चालतात. जुनी रासायनिक पद्धत कुठल्याही रक्ताला, कच्च्या मुळ्यासारख्या काही भाज्यांनाही फसते, म्हणून तिला पथ्य लागतं. नवी, जिला फिट म्हणतात, फक्त माणसाचं रक्त ओळखते. तिला जेवणाचं पथ्य नाही, पोहे-शेव खा नाहीतर मटण खा. "आम्हाला फिटच हवी" असं स्पष्ट सांगा. जपानने १९९२ पासून देशभर ही पद्धत चालवली आहे.

आता भाषेबद्दल. "कॅन्सरची तपासणी" असं मोठ्या अक्षरात बॅनरवर छापलंत तर हॉल भरेल आणि डब्या घरी राहतील. मी कॅन्सर हा शब्द लपवत नाही, लपवला तर नंतर लोक फसवल्यासारखं बोलतात. पण आधी सांगते, "शौचात डोळ्याला न दिसणारं रक्त जातंय का, ते बघायचंय." मग कशासाठी, ते दुसऱ्या वाक्यात. लोक मला ठरलेली उत्तरं देतात. "मला काही त्रास नाही." बरोबर, ही तपासणी त्रास नसणाऱ्यांसाठीच आहे. "आमच्या घराण्यात कुणाला नाही." ज्यांना हा कॅन्सर होतो त्यातल्या बहुतेकांच्या घराण्यात कुणाला नसतोच. "आम्ही शाकाहारी." चांगलंच आहे, प्रक्रिया केलेलं मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली कारणांच्या यादीत घातलं. पण माझ्या वहीत शाकाहारी रुग्ण कमी नाहीत.

सगळ्यात प्रामाणिक उत्तर असतं ते, "उगाच शोधायला जावं आणि सापडावं, विकतचं दुखणं कशाला?" याला मी कधी हसत नाही. इतर काही तपासण्यांबाबत हा आक्षेप खराही असतो. पण आतड्याचं वेगळं आहे. इथे कॅन्सर बहुधा आधी साध्या कोंबाच्या रूपात असतो, आणि कोंबाचा कॅन्सर व्हायला साधारण दहाएक वर्षं लागतात. नळी घातली, कोंब दिसला, तारेच्या फासाने तिथल्या तिथे कापला, संपलं. बाई संध्याकाळी घरी जाऊन खिचडी खाते. म्हणजे इथे शोधणं हाच पुष्कळदा उपचार असतो. अमेरिकेतल्या मिनेसोटात हजारो लोकांची दरवर्षी शौचाची तपासणी करून १९९३ साली निकाल प्रसिद्ध झाला: या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी. तेही जुन्या, कमी पक्क्या पद्धतीने.

आणि मग जे नाही म्हणतील त्यांना नाही म्हणू द्या. पुन्हा एकदा, फक्त एकदा आठवण करायची. दुसऱ्या आठवणीनंतर माणसं मंडळात यायची बंद होतात, हे मी बघितलंय.

कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि इथे मी ठाम नियम देणार नाही. अमेरिकेने २०२१ मध्ये तपासणी सुरू करायचं वय ४५ वर आणलं, इंग्लंडमध्ये ५० ते ७४, दर दोन वर्षांनी. आपल्या सरकारी योजनेत तिशीपुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही. त्याला कारणं आहेत. आपल्याकडे हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो, आणि पॉझिटिव्ह आलेल्या सगळ्यांच्या कोलोनोस्कोपी करायला माणसं आणि यंत्रं पुरेशी नाहीत. तुमच्यासारख्या मंडळाने ५० ते ७० धरावं असं माझं मत. ७५ च्या पुढे प्रकृती बघून, घरच्या डॉक्टरांशी बोलून. चालताना धाप लागणाऱ्या ८२ वर्षांच्या आजींना डबी देऊन आपण त्यांचं भलं करत नाही.

दोन प्रकारच्या लोकांना डबी अजिबात देऊ नका, आणि हे दाराशीच विचारा. एक, ज्यांच्या आई-वडिलांना, भावंडांना किंवा मुलांना हा कॅन्सर झाला आहे. त्यांनी थेट कोलोनोस्कोपी करायची, साधारण चाळिशीत, किंवा नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल ते. दोन, आणि हे माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं, ज्यांना आधीच त्रास आहे. शौचातून रक्त, महिनाभरात बदललेली शौचाची सवय, कारण नसताना उतरलेलं वजन, पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत कमी झालेलं हिमोग्लोबिन. मघाशी म्हटला तो मूळव्याधीचा पोटप्रश्न हाच. रोज रक्त दिसणाऱ्या बाईला डबी देऊन ती निगेटिव्ह आली तर ती निर्धास्त होते आणि दोन वर्षं डॉक्टरकडे जात नाही. अशा बाईला शिबिराची नाही, बोटाने तपासणाऱ्या डॉक्टरची गरज असते. आपल्याकडे गुदाशयाचा, म्हणजे अगदी शेवटच्या भागाचा कॅन्सर जास्त दिसतो, आणि तरुणांतही दिसतो. त्यातले पुष्कळ नुसत्या बोटाने कळतात. पण दहा डॉक्टर दाखवले तरी बोट कुणी घातलेलं नसतं. रुग्ण लाजतो, डॉक्टर घाईत असतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: वाण म्हणून वाटू नका, संडासातलं काम करून दाखवा, त्याच सकाळी गोळा करा, नाव दिसू देऊ नका, ज्यांना त्रास आहे त्यांना वेगळं काढा. आता राहिलं सगळ्यात अवघड, पॉझिटिव्हनंतरचं.

माझा एक हट्ट आहे, तो इथेही धरते. पॉझिटिव्ह आलेल्याची कोलोनोस्कोपी कुठे, किती दिवसांत, किती पैशांत होईल हे कागदावर लिहून हातात आल्याशिवाय एकही डबी वाटायची नाही. सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे विचारून ठेवा. कोंब निघाला तर काढायचे आणि तुकडा तपासायचे पैसे वेगळे का, तेही विचारा. तिथेच लोकांना धक्का बसतो. आयुष्मान कार्ड ७० पुढच्या सगळ्यांना २०२४ पासून मिळतं, पण ते मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. तुमच्या रुग्णालयात या तपासणीला लागू होतं का ते त्यांच्याच खिडकीवर विचारून घ्या, अंदाजाने सांगू नका.

निकाल व्हॉट्सॲपवर पाठवू नका. लाल अक्षरातलं "पॉझिटिव्ह" माणूस एकटा वाचतो, मग गूगल करतो, मग कुणालाच काही सांगत नाही. फोन करा, शक्यतो घरी जा. मी स्वतः साधारण असं बोलते: "काकू, रक्ताचा अंश आलाय. बहुतेकांना यातून गंभीर काही निघत नाही, पण बघावं लागतं. पुढच्या गुरुवारी साडेनऊची वेळ ठेवली आहे. सोबत कोण येणार?" वेळ आधीच ठरलेली असली की माणूस वेळेबद्दल बोलतो, जायचं की नाही याबद्दल नाही.

कोलोनोस्कोपीला लोक घाबरतात ते चुकीच्या भागाला. नळीच्या वेळी झोपेचं औषध देतात, बहुतेकांना काही आठवतही नाही. त्रास होतो तो आदल्या दिवशीच्या पावडरचा. दोन लिटरच्या आसपास खारट पाणी, अर्धं रात्री, अर्धं पहाटे, आणि संडासाच्या फेऱ्या. हे आधीच स्पष्ट सांगावं. पाणी थंड करून, लिंबाची फोड चोखत प्यायलं की उतरतं. दोन-तीन दिवस आधीपासून बियांचं आणि सालांचं बंद: पेरू, डाळिंब, टोमॅटो, पालेभाज्या, आणि आपल्या इंदूरचा भुट्ट्याचा कीस तर नक्कीच. मी एकदा पूर्ण मोठ्या आतड्यात मक्याचे दाणे पाहिले आहेत, तपासणी रद्द करून पुन्हा बोलवावं लागलं. आदल्या दिवशी मऊ भात, वरणाचं पाणी, नंतर फक्त पारदर्शक पातळ, नारळपाणी चालतं, दूध चालत नाही. मधुमेहाच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं, आपल्या मनाने बंद करायची नाहीत. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो का, असं विचारलं तर खरं सांगा: असतो, साधारण हजारात एकाच्या आसपास किंवा कमी, कोंब काढताना थोडा जास्त. लपवलेली गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळली की तुमच्यावरचा विश्वास जातो.

बऱ्याच बायका लेडी डॉक्टर विचारतात. असेल तर द्या. नसेल तर आत नर्स असते आणि मागे उघडणारा पायजमा घालायला देतात, अंग उघडं पडत नाही, एवढं सांगितलं तरी पुष्कळजणी तयार होतात.

तुमच्या काकांना आणि मावशींना या आठवड्यात भेटा. रिपोर्टची प्रत आणि डॉक्टरांची ठरलेली वेळ, दोन्ही बरोबर घेऊन जा. काकांकडे जाताना त्यांच्या मुलीला किंवा सुनेला घरी असताना गाठा. एकदा निगेटिव्ह हाती आलेला पुरुष बाहेरच्या बाईचं ऐकत नाही, पोरीचं ऐकतो.

कपाटातल्या ५१ डब्या परत मागवा, प्रत्येकीवर मुदतीची तारीख असते ती बघा, मुदत संपलेल्या फेकून द्या. आणि पुढचं शिबिर डिसेंबरात ठेवा, ऊन नसतं आणि लग्नांची गर्दीही ओसरत आलेली असते. फक्त मार्गशीर्षातले गुरुवार टाळा. त्या दिवशी बायका सोवळ्यात असतात, घट बसलेला असतो, आणि ही बाटली घेऊन घरातून कुणी निघणार नाही. मी एका गुरुवारी पेटी ठेवली होती. सकाळभरात एकच पाकीट आलं, तेही एका ख्रिश्चन शेजारणीचं.